आजी गेल्या, आता शुक्रवारचा दिवा कोण लावणार?

पत्र

ताई, मी ठाण्यात राहते. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. मी आणि नवरा, दोघंही नोकरी करतो आणि त्याची शनिवारी ड्युटी असतेच. मुलगा दहा वर्षांचा, मुलगी सहाची. सासूबाई होत्या तोवर शुक्रवारचा दिवा, मलिदा, सणांचे पदार्थ, रोजे सगळं त्या बघायच्या. मी हाताखाली नारळ खोवून द्यायचे, तेवढाच माझा वाटा. गेल्या वर्षी त्या गेल्या. त्यांचा काचेचा दिवा माळ्यावर वर्तमानपत्रात गुंडाळून पडलाय.

मागच्या महिन्यात शाळेत मुलाला कुणीतरी विचारलं, 'ज्यू म्हणजे ख्रिश्चनच ना?' तो म्हणाला, 'माहीत नाही, पण आम्ही कोळंबी खात नाही.' सगळा वर्ग हसला. घरी येऊन रडला. मग मी घाबरून ऑनलाइन हिब्रूचा क्लास लावला. तिसऱ्या आठवड्यात बघितलं तर कॅमेरा बंद करून गेम खेळत होता. इस्रायलमध्ये अश्दोदला राहणारी नणंद दर व्हिडिओ कॉलला ऐकवते की तिथे राहून तुमची मुलं ज्यू राहायची नाहीत. मला स्वतःला हिब्रू वाचता येत नाही. प्रार्थना कानावरून पाठ आहेत, अर्थ विचाराल तर गप्प बसेन. आणि खरं सांगू, मला नुसते विधी नकोत. त्यामागची मूल्यं मुलांच्या अंगात यायला हवीत. आठवड्याचं एखादं वेळापत्रक द्याल का? की उशीर झालाय?

उत्तर

ठाण्याच्या मुली,

तुला 'तू'च म्हणते, माझी धाकटी तुझ्याच वयाची आहे.

आधी तुझ्या मुलाचं. 'आम्ही कोळंबी खात नाही' म्हटल्यावर वर्ग हसला, पोरगं रडलं, तू घाबरलीस. मी मात्र ते वाक्य दोनदा वाचलं आणि शेजारच्या खोलीत जाऊन यजमानांना वाचून दाखवलं. आपल्या लोकांची जी सगळ्यात जुनी परीक्षा सांगितली जाते, तिचं उत्तर अगदी हेच होतं.

दाविद रहाबींची गोष्ट सासूबाईंनी सांगितली असेलच. नसेल तर आज रात्री तू पोरांना सांग. आपले पूर्वज कोकणच्या किनाऱ्याला लागले ते नवगावजवळ गलबत फुटून. सात पुरुष आणि सात बायका एवढेच वाचले, पोथ्यापुस्तकं समुद्रात गेली. मग ते तेल गाळायला लागले, मराठी बोलायला लागले, गावाच्या नावाला 'कर' जोडून पेणकर, दिवेकर, केहिमकर झाले. अशी किती शतकं गेली यावर विद्वान भांडतात. त्यांना भांडू दे. पुढे रहाबी नावाचा एक परका ज्यू तिथे आला. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे 'शनवार तेली' आहेत तरी कोण, याचं त्याला कुतूहल. त्याने बायकांपुढे माशांची टोपली ठेवली आणि रांधायला सांगितलं. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे निवडून घेतले, बाकीचे बाजूला सारले. कुणी कारण विचारलं असतं तर त्या तुझ्या मुलासारखंच म्हणाल्या असत्या: आम्ही हे खात नाही. रहाबीला तेवढं पुरलं.

ही गोष्ट आपल्याकडे इथेच संपवतात आणि सगळे खूश होतात. मला तिचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. 'वा, तुमच्या बायकांच्या हाताला सगळं माहीत आहे, आता काही शिकायला नको' असं रहाबी म्हणाला नाही. त्याने तीन तरुण निवडले आणि त्यांना वाचायला, प्रार्थना चालवायला शिकवलं. म्हणजे आधी हाताला ठाऊक असलेलं, मग अक्षर. तू घाबरून अक्षरापासून सुरुवात केलीस आणि तीही स्क्रीनवर. पोरगं गेम खेळणार नाही तर काय करेल?

म्हणून वेळापत्रक देत नाही. चाळीस वर्षं शाळेत वेळापत्रकं लावली आहेत, त्यांचं काय होतं मला पक्कं माहीत आहे. त्याऐवजी या रविवारी मुलाला मासळी बाजारात घेऊन जा. कोळणीपुढे उभा कर आणि निवडायला लाव. सुरमई, बांगडा, पापलेट, रावस यांच्यावर खवले कुठे आहेत, पर कुठे आहेत, बोट लावून बघू दे. खेकडा, कोळंबी, तिसऱ्या का नाहीत हे तो स्वतःच सांगेल. घरी आल्यावर त्याला रहाबीची टोपली सांग. हीच गोष्ट पुस्तकातून शिकवलीस तर नियम होईल. हाताला माशाचा वास लागलेला असताना सांगितलीस तर त्याची स्वतःची होईल. पुढच्या वेळी वर्गात कुणी हसलं तर त्याच्यापाशी सांगायला गोष्ट असेल, आणि दहा वर्षांच्या मुलाला वर्गात गोष्टीइतकं काहीच उपयोगी पडत नाही.

'ख्रिश्चनच ना?' याचं साधं उत्तरही त्याला देऊन ठेव. 'नाही. येशू ज्यू घरात जन्मला, ख्रिस्ती धर्म त्याच्यानंतर सुरू झाला, आमचा त्याच्या आधीपासून आहे. आमचे लोक कित्येक शतकांपासून रायगडात आहेत.' बास. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिलाय, हे तुला शाळेचा फॉर्म भरताना कामाला येईल. मुलाला ते सांगून काही साधणार नाही.

आता शुक्रवार. तू विचारलेल्या सगळ्याचं मूळ मला तिथे दिसतं. एकच गोष्ट करायला वेळ असेल तर ही कर आणि बाकी सगळं सोड.

शब्बाथ, म्हणजे आपला शनिवारचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून लागतो आणि दिवा त्याच्या साधारण अठरा मिनिटं आधी लावतात. आपल्याकडे नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सव्वासात वाजून जातात. तुझी लोकल, तुझी शिफ्ट मला माहीत नाही, पण आठवड्यातला एक दिवस तरी लवकर निघायची परवानगी मागून बघ. कारण खरं सांग, 'घरी पूजा आहे' असं खोटं सांगू नकोस. दिवा लावून डोळ्यांवर हात ठेवून प्रार्थना म्हण. तुझी पाठ आहे, तीच चालेल. मग नवऱ्याने किंवा तू मुलांच्या डोक्यावर हात ठेवायचा. मुलाला म्हणायचं, देव तुला एफ्राईम आणि मनश्शेसारखं करो. मुलीला म्हणायचं, देव तुला सारा, रिबका, राहेल आणि लेआसारखं करो.

मुलगा नक्की विचारेल, अब्राहाम, मोशे सोडून हे दोघं कोण? उत्तर फार सुंदर आहे. ते योसेफचे मुलगे, मिसरात म्हणजे इजिप्तमध्ये जन्मले, परक्या देशात वाढले आणि तरीही आपले राहिले. शिवाय उत्पत्तीच्या पुस्तकात भावाभावांची भांडणं इतकी आहेत (काइन-हाबेल, याकोब-एसाव, योसेफ आणि त्याचे भाऊ) की न भांडणारी ही पहिलीच जोडी निघाली, असंही सांगतात. तुझ्या घरी रिमोटवरून रोज काय चालतं ते तूच जाणे. आठवड्यातून एकदा डोक्यावर हात पडताना हे ऐकलेलं बरं.

त्यानंतर किशमिशचं शरबत. काळ्या मनुका रात्री भिजत घाल, सकाळी कुस्करून गाळ. कोकणात द्राक्षांची दारूबिरू नव्हती, म्हणून आपल्या आज्यांनी ही वाट काढली, आणि आजही प्रार्थनेनंतर पोरं पेल्यासाठी धावतात ती त्या गोडीपायी. पावाच्या जागी आमच्या घरी दोन चपात्याच असायच्या, वर स्वच्छ रुमाल. दोन का, तर रानात मान्ना पडायचा तो शुक्रवारी दुप्पट पडायचा, शनिवारी गोळा करायला लागू नये म्हणून. ही गोष्ट धाकटीला आवडेल. मग जेवा. जेवताना फोन दुसऱ्या खोलीत, तुझाही आणि नवऱ्याचाही. मुलांचा आधी काढून घेतलास आणि तुमचे ताटाशेजारी ठेवलेत तर सगळं फुकट.

जेवणात काय? सासूबाईंसारखा चिकाचा हलवा जमला पाहिजे असं नाही. तो नव्या वर्षाला, नव्याच्या सणाला कर, तोही कुणा मावशीला हाताशी घेऊन, कारण गव्हाचा चीक आणि नारळाचं दूध आटवत हात मोडतो. शुक्रवारी साधं मटण किंवा माशाचं कालवण आणि भात. वर सोलकढी. सोलकढी पिता पिता मुलांना सांग की मटणाबरोबर दूधदही आपण घेत नाही, आणि कोकणाने आपल्याला नारळाचं दूध दिलं म्हणून आपल्या कोशर, म्हणजे धर्मनियमांनुसारच्या, स्वयंपाकाची चव अशी आहे. जगभरच्या ज्यू बायकांना मांसाबरोबर दुधाला पर्याय शोधावा लागला. आपल्या अंगणात तो झाडावर लटकत होता.

तुला प्रार्थनेचा अर्थ माहीत नाही याची लाज वाटते. त्याबद्दल सांगते. शमा इस्राएल, म्हणजे देव एकच आहे हे सांगणारी आपली मुख्य प्रार्थना, तिचे सहा शब्द तुला येतातच. आपल्या पूर्वजांपाशी पोथी नव्हती तेव्हा सुंता असो, लग्न असो, नवस असो, ते हेच म्हणायचे, कारण बाकी काही उरलं नव्हतं. त्याच शमाच्या पुढच्या ओळी अनुवादाच्या पुस्तकात आहेत: हे शब्द आपल्या मुलांना शिकव, घरी बसलेला असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना त्यांच्याविषयी बोल. त्यात शाळा नाही, क्लास नाही. घर, वाट, अंथरूण. ठाण्याहून दादरला जाताना खिडकीशी बसलेल्या मुलाशी तू जे बोलशील ते यात बसतं. दाराच्या चौकटीवरच्या मेजुझ्यात हेच लिहिलेलं असतं. मुलगा रोज बोट लावून ते चुंबतो, पण आत काय आहे हे त्याला कुणी सांगितलंय का? जुना झाला असेल तर खाली उतरवून सिनेगॉगात प्रार्थना चालवणाऱ्या हझानांना तपासायला दे आणि मुलाला बरोबर ने. आतला गुंडाळलेला चामड्याचा कागद एकदा बघितला की तो नुसता दारावरचा डबा राहत नाही.

आणि मराठीत बोल. आपल्यात एक खूळ शिरलंय की हिब्रू म्हणजे खरं आणि मराठी म्हणजे कमअस्सल. मुंबईत १८४६ साली आणि पुण्यात १८७४ साली वल्हांडणाची पोथी हग्गादा मराठी अर्थासह छापली गेली आहे. तुझ्या खापरपणज्यांनी वल्हांडणाच्या रात्री मिसरातून सुटकेची गोष्ट मराठीत वाचली, आणि त्याआधी तर ती मराठीतच सांगितली असणार. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या लोकांनी मोशे, योसेफ यांच्यावर कीर्तनं रचली. चिपळ्या आणि टाळ घेऊन उभे राहायचे, पूर्वरंग, उत्तररंग सगळं रीतसर. मी लहानपणी एक ऐकलंय. योसेफाला भाऊ विहिरीत टाकतात तिथे शेजारच्या हिंदू बायकाही पदर डोळ्याला लावत होत्या. यंदा वल्हांडणाला तुझी सहा वर्षांची मुलगी 'ही रात्र इतर रात्रींहून वेगळी का?' हे मराठीतच विचारू दे. त्या रात्रीचा सगळा खटाटोप धाकट्या मुलाने प्रश्न विचारावा म्हणूनच रचलेला आहे. तुला उत्तर येत नसेल तर म्हण, येत नाही, शोधू. आईला सगळं येतं असं मुलांना वाटण्यापेक्षा आई शोधते हे दिसलेलं चांगलं.

सणांची आपली जुनी नावंही वापर. रोश हशाना म्हण, पण नव्याचा सणही म्हण. योम किप्पूर म्हण आणि दारफाळणीचा सणही. टिशा बआवचा रोजा सोडताना वालाचं बिरडं करतात म्हणून तो बिरड्याचा सण. मुलीला वाल सोलायला बसव. सोलताना हात चिकट होतात, ती कुरकुरेल, आणि यरुशलेमचं मंदिर दोनदा पडलं तो दिवस तिला आयुष्यभर वालाच्या वासाने आठवेल. बाहेरच्या कुठल्याच क्लासात हे शिकवता येणार नाही.

मलिद्याचा मात्र जरा जास्त विचार कर. 'नुसते विधी नकोत' असं तू लिहिलंस, आणि मलिदा हा विधी आहे म्हणून कदाचित सोडून देशील. पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, वर फळं आणि संदेष्टा एलियाहू हन्नाबीची गाणी. हे इतर कुठल्या देशातल्या ज्यूंकडे असं नाही, हे आपलं. पण तू त्यातली फळं बघ. प्रत्येक फळावर प्रार्थना वेगळी. झाडाच्या फळाची एक, जमिनीतून आलेल्याची दुसरी. आता मुलांना विचार, केळं कुठलं? सगळे म्हणतील झाडाचं. नाही! केळ्यावर म्हणायची ती जमिनीच्या फळाची प्रार्थना. कारण केळीचं वर दिसतं ते खरं खोड नसतंच, एकदा घड दिला की ती मरते आणि बाजूच्या कोंबातून नवी उभी राहते. कोकणातल्या कुठल्याही शेतकऱ्याला हे ठाऊक आहे आणि आपल्या शास्त्रकारांनाही होतं. खाण्याआधी हातातली वस्तू कुठून आली याचा विचार करायचा, हे तू म्हणतेस ते मूल्य, आणि ते विधीच्या आतच होतं. विधी काढून मूल्य वेगळं ठेवायला गेलीस तर हातात भाषण उरेल. मुलं भाषणं ऐकत नाहीत.

आता जे लिहिणार आहे ते तुला कदाचित टोचेल. तुझ्याकडे कामाला मावशी येत असतील. शनिवारी येतात का? चौथ्या आज्ञेत विश्रांती फक्त घरधन्याला सांगितलेली नाही. मुलगा, मुलगी, नोकर, चाकरीण, गुरंढोरं, दारातला परका, सगळ्यांना सांगितलीय. शनवार तेल्याचा घाणा थांबला की घाण्याचा बैलही थांबत होता. आपण दिवा लावून सोफ्यावर बसायचं आणि चादरींची सगळी धुणी मावशींसाठी शनिवारी साठवून ठेवायची, हे मी माझ्याच घरी अनेक वर्षं केलंय. माझ्या मुलीने चौदाव्या वर्षी मला विचारलं, 'आई, मग शब्बाथ कुणाचा?' तिला रागावले. नंतर बदललं. मावशींना शनिवारी भरपगारी सुट्टी दिली आणि भांडी रात्री सगळ्यांनी मिळून घासायला लागलो.

पगाराचंही तसंच. मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्यावी असं आपलं धर्मशास्त्र, तोरा, सांगतं, कारण त्याचा जीव तिच्यावर अवलंबून असतो. आता महिन्याचा करार असतो, म्हणून ठरलेली तारीख पाळायची. एक तारीख म्हणजे एक तारीख, 'उद्या देते, एटीएमला गेले नाही' हे चालणार नाही. ते पैसे मुलाच्या हातून द्यायला लाव, उभं राहून, 'मावशी, तुमचा पगार' असं म्हणून. ज्यू शिक्षणाचा माझ्या मते हा सर्वांत मोठा धडा आहे आणि त्याला हिब्रू लागत नाही.

दानाची पेटीही ठेव. सासूबाईंची असेलच कुठेतरी. शुक्रवारी दिव्याआधी दोघांनी एकेक नाणं टाकायचं. हल्ली सुटे पैसे घरात नसतात, सगळं फोनवर, म्हणून महिन्याच्या सुरुवातीला दहा-दहाची नाणी आणून एका वाटीत ठेव. मुलांना सांग की आपल्याकडे याला त्सदाका म्हणतात आणि तो शब्द दयेवरून आलेला नाही, न्यायावरून आला आहे. देणारा उपकार करत नाही, घेणाऱ्याचं त्याला पोचवतो. पेटी भरली की कुणाला द्यायचं ते मुलांनीच ठरवायचं. धाकटीने भटक्या कुत्र्यांना दिले तरी हरकत नाही. जनावराला खाऊ घातल्याशिवाय आपण जेवायला बसू नये असं तल्मूदात सांगितलेलं आहे, म्हणजे ती शास्त्राच्या बाहेर जात नाही.

हाताचं झालं, आता अक्षराकडे येते. नाहीतर रहाबीच्या गोष्टीचा दुसरा भाग मीही विसरले असं होईल. मुलगा दहाचा, बार मित्स्वा, म्हणजे मुलगा धर्मात जाणता झाल्याचा विधी, तेराव्या वर्षी. तीन वर्षं आहेत. हिब्रूची मूळ अक्षरं बावीस. ज्या मुलाला देवनागरीची बाराखडी, जोडाक्षरं आणि वर इंग्रजी स्पेलिंग येतं त्याला बावीस अक्षरं म्हणजे काही नाही. फक्त उजवीकडून डावीकडे वाचायचं, आणि अक्षराखालचे ठिपके-रेघा आपल्या काना-मात्रांसारखे समजायचे. ऑनलाइन क्लास बंद कर. त्याच्याबरोबर तू शीक. रोज रात्री दहा मिनिटं, आठवड्याला एक अक्षर. शमाच्या सहा शब्दांतली अक्षरं आधी घ्या, कारण ध्वनी दोघांनाही पाठ आहे, फक्त त्याचा चेहरा ओळखायचा आहे. तो तुझ्या पुढे जाईल. जाऊ दे. आईला शिकवायला मिळतंय यासारखं आमिष नाही. वाचायला यायला लागलं की मग हझानांकडे पाठव, स्वरात म्हणायला. ते माणसाकडूनच शिकायचं.

एके काळी आपल्याला ही धावपळ करावी लागत नव्हती. हाईम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या साथीदारांनी १८७५ साली मुंबईत इस्राएलाइट शाळा काढली, तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. रिबेका रूबेनबाईंसारख्या मुख्याध्यापिका तिथे होत्या. गणित, मराठी, इंग्रजी आणि हिब्रू एकाच छपराखाली. आता आपली मुलं इतकी थोडी की त्या शाळेतही बहुतेक मुलं इतर समाजांची आहेत. ते वाईट नाही, शाळा चालतेय हे चांगलं. पण शाळा आपल्यासाठी हे काम करेल अशी वाट बघण्यात अर्थ राहिला नाही.

नवऱ्याच्या शनिवारच्या ड्युटीवरून घरात भांडू नकोस. सुरुवातीला शुक्रवारची रात्र पुरेशी आहे. मात्र मुलांना 'शनिवारी काम केलं तर चालतं' असं सांगू नका. 'शनिवारी काम करू नये असं आहे, बाबांना अजून जमत नाही' असं सांगा. नियम आपल्या सोयीने लहान केलेला मुलांना लगेच कळतो. शनिवारी परीक्षा आली तर काय करायचं ते हझानांना विचार, मी तो निकाल देणारी नव्हे. आणि महिन्यातून एखाद्या शनिवारी, सुट्टी मिळेल तेव्हा, नवऱ्याला सकाळी शार हशामाईममध्ये जायला सांग. ठाण्यातलं आपलं हे सिनेगॉग १८७९ पासून उभं आहे, आणि सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. नऊ जण बाकावर बसून दाराकडे बघत असतात तेव्हा आत येणारा दहावा माणूस काय असतो, हे तुझ्या मुलाने बापाच्या बाबतीत एकदा बघायला हवं. प्रार्थना झाल्यावर म्हातारे त्याचे हात हातात घेऊन आपली बोटं ओठांना लावतील. पोरगं लाजेल. त्याला तिथे सगळे ओळखतात हे मात्र त्याच्या लक्षात राहील.

शनिवारी संध्याकाळी जमलं तर तीन तारे दिसले की शब्बाथला निरोप द्यायची हवदाला करा. मसाल्याच्या डब्यातल्या लवंगा, दालचिनी मुलांना हुंगायला द्या, शरबताच्या पेल्यात मेणबत्ती चर्र करून विझवा. पावसाळ्यात ठाण्यात तारे दिसत नाहीत, तेव्हा घड्याळावर चाला. ढगांमुळे शब्बाथ आणखी दोन तास वाढला म्हणून माझा नातू एकदा चक्क खूश झाला होता, गृहपाठ टळला ना.

नणंदेचं काय? तिला तुमची काळजी आहे, एवढं धरून चाल. बाकी तिला उत्तर द्यायची गरज नाही. तरी मनात राहू दे की इस्रायलला गेलेल्या आपल्या लोकांच्या ज्यूपणावर तिथेच १९६० च्या दशकात शंका घेतली गेली, लग्नांत अडथळे आले, आपली माणसं रस्त्यावर उतरली, आणि १९६४ साली तिथल्या सरकारला आणि संसदेला सांगावं लागलं की बेने इस्राएल पूर्ण ज्यू आहेत. म्हणजे तिकडे गेल्यावर प्रश्न आपोआप सुटतो असं नाही. पुढच्या कॉलला तिलाच कामाला लाव. सासूबाई तिची आई. मलिद्याच्या वेळी म्हणायची गाणी तिला येत असतील. तिला म्हणायला सांग आणि फोनवर रेकॉर्ड करून घे. ती रागवायची थांबेल आणि मुलांना आत्याच्या आवाजात आजी ऐकू येईल.

उशीर झालाय का, असं विचारलंस. सासूबाईंना जाऊन एकच वर्ष झालंय. तुला त्यांचा स्वयंपाक वासाने आठवतो, प्रार्थना कानाने आठवतात. अजून दहा वर्षांनी विचारलं असतंस तर मी वेगळं लिहिलं असतं.

दिवा माळ्यावरून काढ. मुलीला वर्तमानपत्र उलगडू दे, तारीख वाचू दे. काच कोमट पाण्याने धू, भांडी घासायची घासणी लावू नकोस, चरे पडतात. तळाला दोन बोटं पाणी, त्यावर खोबरेल तेल, आणि वात तरंगत ठेवायला सासूबाई जी तार वापरायच्या ती त्याच कागदात असेल, नीट बघ. काचेला तडा गेला असला तर साधा जाड पेला चालेल. शुक्रवारी सूर्यास्त किती वाजता आहे ते मुलाला बघायला सांग आणि त्यातून अठरा मिनिटं वजा करायचं कामही त्यालाच दे.

तुझी,
ताई